सर्पविषातील विकरे

सापांविषयी बोलण्यासाठी आम्ही शाळांमध्ये जातो तेव्हा एक प्रश्न हमखास येतो. विचारणारा बहुधा मागच्या बाकावरचा असतो. "सर, सापाचे विष प्यायले तर माणूस मरत नाही म्हणतात. मग तेच विष दातातून गेले तर का मरतो?" वर्गात थोडा हशा होतो. पण प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. त्याचे उत्तर नीट शोधले तर सर्पविषाचे बरेचसे रसायनशास्त्र त्यात सापडते. शिवाय, साप चावलेल्या माणसाचे काय करावे आणि काय करू नये, हेही त्या उत्तरातूनच कळते.

भारतात २००० ते २०१९ या वीस वर्षांत सर्पदंशाने सुमारे बारा लाख माणसे दगावली असावीत, असा अंदाज २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मांडला आहे. म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार. यांतले बहुतेक मृत्यू खेड्यांत झाले. खेड्यात अशा प्रसंगी ज्याला सल्ला विचारला जातो त्यात शिक्षक असतोच. तेव्हा हे उत्तर आपल्याला माहीत असलेले बरे.

भाकरीपासून सुरुवात

भाकरीचा घास बराच वेळ चावत राहिले तर तो गोडसर लागू लागतो. हा अनुभव सर्वांचा आहे. लाळेतील अमायलेज नावाचे विकर भाकरीतल्या पिठूळ पदार्थाची, म्हणजे स्टार्चची, लांब साखळी कापते आणि त्यातून साखर तयार होते. विकर म्हणजे एन्झाइम. आपल्या शरीरात अशी हजारो विकरे आहेत. जवळजवळ सगळी प्रथिने आहेत आणि प्रत्येकाचे काम ठरलेले आहे. स्टार्च कापणारे विकर प्रथिनाला हात लावत नाही, प्रथिन कापणारे मेदाला लावत नाही.

विकरांचा एक गुण आपण पाठ्यपुस्तकात शिकवतो आणि पुढे जातो. तो असा, की विकर हे उत्प्रेरक आहे. ते क्रिया घडवून आणते, पण त्या क्रियेत स्वतः खर्च होत नाही. कात्रीने एक कागद कापला म्हणून कात्री संपत नाही. ती दुसरा कागद कापायला मोकळी असते. विकराचा एक रेणू अशा रीतीने हजारो रेणू एकामागून एक कापू शकतो. हा गुण लक्षात ठेवावा. सर्पविषाच्या भयानकतेचे अर्धे कारण तोच आहे.

विषग्रंथी आणि लाळग्रंथी

सापाची विषग्रंथी डोळ्याच्या मागे, वरच्या जबड्याच्या बाजूला असते. ती तोंडात स्राव सोडणाऱ्या ग्रंथींपैकी आहे. आपल्या लाळग्रंथींशी तिचे नाते आहे. विष वाळवले तर जी पिवळसर पूड उरते तिच्यात ९० टक्क्यांहून अधिक भाग प्रथिनांचा असतो. हा पिवळेपणाही एका विकराचाच. एल-अमिनो ॲसिड ऑक्सिडेज हे त्याचे नाव. त्याच्या रेणूत 'ब-२' जीवनसत्त्वापासून बनलेला एक भाग बसवलेला असतो आणि तो पिवळा असतो.

या प्रथिनांची कुळे तपासली तर आश्चर्य वाटते. त्यांतली बरीचशी आपल्या ओळखीची आहेत. विषातील काही प्रथिनभंजक विकरे आपल्या स्वादुपिंडातील ट्रिप्सिनच्या कुळातली आहेत. मेद कापणाऱ्या विकराचे भाऊबंद आपल्या स्वादुपिंडात आहेत, तसेच आपल्या अश्रूंतही आहेत. तिथे ते जंतूंचा नाश करतात. उत्क्रांतीच्या ओघात सापाच्या शरीरातील रोजच्या कामाच्या प्रथिनांच्या जनुकांच्या जादा प्रती तयार झाल्या, त्या प्रतींत बदल होत गेले आणि त्यांतून विष घडले. म्हणजे विषातली बरीचशी हत्यारे नव्याने घडवलेली नाहीत, जुनीच अवजारे धार लावून वापरली आहेत.

मग अश्रूंतले विकर निरुपद्रवी आणि विषातले घातक, असे का? फरक तीन गोष्टींचा आहे : जागा, मात्रा आणि लगाम. आपल्या शरीरातील विकरे ठरलेल्या जागी, ठरलेल्या वेळी आणि बेताने काम करतात. त्यांना आवरणारी इतर प्रथिनेही असतात. सापाने टोचलेली विकरे एकदम मोठ्या मात्रेने नको त्या जागी पोहोचतात आणि त्यांतली अनेक आपल्या लगामांना जुमानत नाहीत.

दंशाच्या जागी काय घडते?

घोणस चावली आहे असे समजू. विष कातडीखाली, स्नायूंच्या आसपास पडते. तिथे पेशी एकमेकींना चिकटून असतात. त्यांच्यामधली जागा हायलुरॉनिक आम्ल नावाच्या बुळबुळीत, घट्ट पदार्थाने भरलेली असते. विटांमध्ये चुना असावा तसा. विषातील हायलुरॉनिडेज हे विकर हा पदार्थ विरघळवते. ते स्वतः फारसे विषारी नाही, पण मागून येणाऱ्यांना वाट करून देते. म्हणूनच त्याला 'प्रसारक घटक' असे जुने नाव आहे.

वाट मोकळी होताच फॉस्फोलायपेज ए-२ कामाला लागते. पेशीचे पटल फॉस्फोलिपिड नावाच्या रेणूंच्या दुहेरी थराचे असते. या रेणूला मेदाम्लाच्या दोन शेपट्या असतात. आपले विकर त्यांतली नेमकी एक शेपटी कापते. कापून उरलेला भाग साबणासारखा वागतो आणि पटलाला भोके पाडतो. स्नायूंच्या पेशी फुटतात. सुटलेल्या मेदाम्लापासून शरीर दाह निर्माण करणारे पदार्थ बनवते. सूज आणि असह्य वेदना यांत त्यांचा मोठा वाटा असतो.

तिसरा गट जस्ताचा अणू बाळगणाऱ्या प्रथिनभंजक विकरांचा. केशवाहिन्यांच्या भिंतीला बाहेरून कोलॅजेनसारख्या प्रथिनांचे पातळ अस्तर असते. ही विकरे ते अस्तर कुरतडतात. भिंत कमकुवत होते, रक्ताच्या दाबाने ती फाटते आणि रक्त ऊतींमध्ये झिरपू लागते. दंशाभोवतीचे काळेनिळे डाग आणि रक्ताने भरलेले फोड यांतूनच येतात.

रक्त गोठवणारे विष आणि न गोठणारे रक्त

घोणस आणि फुरसे यांच्या विषाचा मुख्य हल्ला मात्र रक्तावर असतो. तो समजण्यासाठी रक्त गोठते कसे, याची उजळणी करू. बोट कापले की रक्तातील काही घटक एकामागून एक जागे होतात. पहिला घटक दुसऱ्याला जागा करतो, दुसरा तिसऱ्याला. हे घटक म्हणजे बहुतांशी झोपलेली विकरेच. शेवटी थ्रॉम्बिन तयार होते. ते रक्तात विरघळलेल्या फायब्रिनोजेनचे न विरघळणाऱ्या फायब्रिनच्या धाग्यांत रूपांतर करते. धाग्यांच्या जाळ्यात रक्तपेशी अडकतात आणि गुठळी होते.

घोणशीच्या विषातील दोन विकरे या साखळीतील पाचव्या आणि दहाव्या घटकाला जागे करतात. फुरशाच्या विषातील इकॅरिन नावाचे विकर आणखी पुढची कडी पकडते. ते सरळ प्रोथ्रॉम्बिनवर काम करते. जखम नसताना, सगळ्या शरीरभर, गोठण्याची आज्ञा सुटते.

आता थोडा हिशेब करू. मोठ्या माणसाच्या अंगात सुमारे ५ लिटर रक्त, त्यात सुमारे ३ लिटर रक्तद्रव. एक लिटर रक्तद्रवात २ ते ४ ग्रॅम फायब्रिनोजेन असते. म्हणजे एकूण ६ ते १२ ग्रॅम. घोणस एका दंशात सरासरी ६० मिलिग्रॅमच्या आसपास विष टोचते आणि त्यातही रक्त गोठवणारी विकरे थोडीच असतात. ६० मिलिग्रॅम विष ६ ग्रॅमना, म्हणजे शंभरपट वस्तुमानाला, कसे पुरते? कारण विकर खर्च होत नाही. शिवाय त्याने जागा केलेला घटकही विकरच असतो, तोही खर्च होत नाही. साखळीच्या प्रत्येक कडीपाशी परिणाम वाढत जातो.

रक्तात सगळीकडे फायब्रिनचे बारीक धागे बनतात आणि शरीरातील दुसरी विकरे ते मोडत राहतात. काही वेळात फायब्रिनोजेन आणि इतर घटक संपून जातात. रक्त गोठवणाऱ्या विषामुळे रक्त गोठेनासे होते ते असे. एकीकडे केशवाहिन्या फाटलेल्या, दुसरीकडे गुठळी करायला साहित्य नाही. मग हिरड्यांतून, लघवीतून, जुन्या जखमेतून रक्त येऊ लागते. मेंदूत रक्तस्राव झाला तर जीव जातो. घोणशीच्या दंशात मूत्रपिंडे निकामी होण्याचा धोकाही मोठा असतो.

काचेच्या नळीतील वीस मिनिटे

हे सारे ओळखण्याची एक साधी चाचणी आहे. ती लहानशा आरोग्य केंद्रातही करता येते. रुग्णाच्या शिरेतून २ मिलिलिटर रक्त घेऊन ते नव्या, स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत ठेवतात. नळी वीस मिनिटे हलवायची नाही. मग तिरपी करून पाहायची. रक्त पाण्यासारखे वाहिले तर गोठण्याचे घटक संपले आहेत, असे समजून उपचार सुरू करतात. पहिल्या वेळी रक्त गोठले म्हणून धोका टळला असे नाही. विकरांना काम करायला वेळ लागतो, त्यामुळे चाचणी पुन्हापुन्हा करावी लागते.

नळी काचेचीच का? काचेचा पृष्ठभाग गोठण्याच्या साखळीतील बाराव्या घटकाला जागे करतो, प्लॅस्टिकचा तसा करत नाही. साबणाने धुतलेल्या नळीत साबणाचा अंश राहिला तरी निकाल चुकतो. नळीसारखी क्षुल्लक वस्तू चुकीची निवडली तर निरोगी रक्तही न गोठणारे वाटू शकते. प्रयोगवहीत 'स्वच्छ कोरडी परीक्षानळी घ्या' असे आपण लिहून देतो, त्याचे मोल इथे कळते.

नाग आणि मण्यार : एकच लक्षण, दोन कारणे

विषातील प्रत्येक घातक प्रथिन विकर असते असे मात्र नाही. नागाच्या विषातील मुख्य मारक प्रथिन काहीच कापत नाही. मज्जातंतूकडून स्नायूला येणारा निरोप ॲसिटिलकोलिन नावाचा पदार्थ पोहोचवतो. नागाचे प्रथिन स्नायूवरील त्याच्या जागेवर जाऊन बसते. कुलपात दुसरीच किल्ली अडकून बसावी, तसे. निरोप येतो, पण घेतला जात नाही. पापण्या मिटू लागतात, गिळता येत नाही, शेवटी श्वास थांबतो.

मण्यारीच्या दंशातही हेच दिसते, पण कारण वेगळे आहे. तिच्या विषातील बीटा-बंगारोटॉक्सिन गटातील प्रथिनांचे दोन भाग असतात. एक भाग मज्जातंतूच्या टोकाचा पत्ता शोधतो. दुसरा भाग फॉस्फोलायपेज ए-२, म्हणजे आपली मेद कापणारी कात्री. ती मज्जातंतूचे टोकच उद्ध्वस्त करते. इथे निरोप पाठवणाराच नाहीसा होतो.

या फरकाला उपचारात फार महत्त्व आहे. नागाच्या दंशात निओस्टिग्मिनसारखे औषध ॲसिटिलकोलिन वाढवून पुष्कळदा मदत करते. मण्यारीच्या दंशात पाठवणाराच उरलेला नसल्याने त्याचा फारसा उपयोग होत नाही. टोके पुन्हा वाढावी लागतात आणि त्याला दिवस किंवा आठवडे लागतात. तेवढा काळ कृत्रिम श्वासोच्छ्वास मिळाला तर माणूस पूर्ण बरा होऊ शकतो. मण्यार बहुधा रात्री, जमिनीवर झोपलेल्यांना चावते. तिथे ना सूज, ना फारशी वेदना. पहाटे पोटात दुखते म्हणून जागे झालेल्या मुलाच्या पापण्या मिटत असतील, तर साप दिसला नसला तरी दवाखाना गाठावा.

प्रतिविषाचे गणित

विषातील विकरांना शरीरात आवरण्याचा सिद्ध झालेला उपाय एकच, प्रतिविष. १८९० च्या दशकात आल्बेर काल्मेत या फ्रेंच वैज्ञानिकाने ते तयार केले. घोड्याला थोडेथोडे वाढवत विष टोचतात. त्याच्या रक्तात विषाविरुद्ध प्रतिपिंडे तयार होतात. ती वेगळी काढून शुद्ध करतात. प्रतिपिंड विकराला चिकटते आणि त्याला निकामी करते. भारतातील प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांविरुद्ध एकत्रित असते. त्यासाठी लागणारे बरेचसे विष १९७८ साली चेन्नईजवळ स्थापन झालेली इरुळा समाजाची सहकारी संस्था पुरवत आली आहे. एकाच जातीच्या सापाचे विष प्रदेशाप्रमाणे थोडे बदलते. त्यामुळे दूरच्या प्रदेशातील दंशावर हेच प्रतिविष कमी पडू शकते. त्यावर संशोधन चालू आहे.

प्रतिविषाच्या १ मिलिलिटरने घोणशीचे ०.६ मिलिग्रॅम विष निष्प्रभ होते. म्हणजे १० मिलिलिटरची एक कुपी ६ मिलिग्रॅमना पुरते. ६० मिलिग्रॅम विषासाठी किती कुप्या? दहा. सुरुवातीला आठ-दहा कुप्या देतात त्यामागे हा हिशेब आहे. आणि लहान मुलालाही मात्रा तेवढीच, कारण मूल लहान आहे म्हणून साप विष कमी टोचत नाही.

प्रतिविष दिल्यावरही रक्त लगेच गोठू लागत नाही. नातेवाईक घाबरतात. पण प्रतिविष फक्त कात्री थांबवते, कापलेले कापड जोडत नाही. संपलेले घटक यकृताला नव्याने बनवावे लागतात आणि त्याला सुमारे सहा तास लागतात. म्हणून डॉक्टर सहा तासांनी पुन्हा तीच नळीची चाचणी करतात. मेलेल्या स्नायूपेशी, तुटलेली मज्जातंतूंची टोके यांबाबतही तेच. म्हणून प्रतिविष जितके लवकर तितके नुकसान कमी. मांत्रिकाकडे गेलेला प्रत्येक तास हा कात्रीला दिलेला तास आहे.

दोरीने करकचून बांधू नये, हेही यातूनच कळते. बांधल्याने ऊती कुजवणारी विकरे एकाच जागी कोंडली जातात, शिवाय रक्तपुरवठा थांबतो. पाय वाचवण्याऐवजी गमावण्याची वेळ येते. कुणी आधीच बांधले असेल तर घरी घाईने सोडू नये, दवाखान्यात उपचाराच्या तयारीने सोडतात. ब्लेडने चिरा देऊ नयेत, कारण रक्त गोठणारच नसेल तर प्रत्येक चीर वाहत राहील. विष चोखूनही निघत नाही, हायलुरॉनिडेजने त्याला केव्हाच पुढे नेलेले असते. हाड मोडल्यावर बांधतो तशी फळी लावून हातपाय स्थिर ठेवावा, माणसाला धीर द्यावा, चालवू नये आणि थेट रुग्णालयात न्यावे.

हीच विकरे प्रयोगशाळेत

ज्या नेमकेपणामुळे ही विकरे मारक ठरतात त्याच नेमकेपणामुळे ती उपयोगीही पडली आहेत. १९३४ साली इंग्लंडमध्ये मॅकफर्लेन आणि बार्नेट यांनी घोणशीचे अतिशय पातळ केलेले विष हिमोफिलियाच्या रुग्णांच्या बाहेरच्या जखमांवर लावून रक्त थांबवले. त्याच विषावर आधारलेली एक चाचणी आजही रक्ताच्या विकारांचे निदान करताना वापरतात. हरगोविंद खोराना यांनी न्यूक्लिइक आम्लांची रचना अभ्यासताना सर्पविषातील फॉस्फोडायएस्टरेज हे विकर कात्री म्हणून वापरले. त्यांना १९६८ सालचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले.

याच विकराची आणखी एक कथा आहे. १९५० च्या दशकात रिटा लेव्ही-मोंताल्चिनी आणि स्टॅन्ले कोहेन अमेरिकेत मज्जातंतूंची वाढ घडवणाऱ्या एका पदार्थाच्या मागे होते. तो न्यूक्लिइक आम्ल आहे की प्रथिन, हे ठरवण्यासाठी त्यांनी त्यात सर्पविष मिसळले. न्यूक्लिइक आम्ल असेल तर विषातील विकर ते तोडेल आणि वाढ थांबेल, अशी अपेक्षा होती. झाले उलटेच, वाढ कितीतरी पटींनी वाढली. तो पदार्थ विषातच भरपूर होता! कोहेन यांनी मग विचार केला : विषग्रंथी ही लाळग्रंथीची नातेवाईक, तर उंदराच्या लाळग्रंथीत तो असेल का? तिथेही तो सापडला. १९८६ साली दोघांना नोबेल पारितोषिक मिळाले.

मागच्या बाकावरचा प्रश्न

आता त्या मुलाला उत्तर देऊ. विष पोटात गेले की तिथले आम्ल आणि पेप्सिन हे विकर त्यातील प्रथिने कापून टाकतात. सापाची विकरे आपल्या विकरांच्या तावडीत सापडतात आणि अंड्याच्या पांढऱ्यासारखी पचून जातात. अखंड प्रथिन आतड्याच्या भिंतीतून सहसा रक्तात जात नाही. दातांनी टोचलेले विष मात्र हा पहारा चुकवून थेट ऊतींत उतरते आणि तिथे पचवण्याचे काम तेच सुरू करते. पचवले जाणारे शरीर आपले असते. आणि हो, हा प्रयोग कुणी करू नये : तोंडात, अन्ननलिकेत किंवा जठरात छोटीशी जखम असली तरी पहारा फुटतो.

वर्गात विकरे शिकवताना लाळ आणि स्टार्चचा प्रयोग आपण करतोच. आयोडीनचा निळा रंग हळूहळू नाहीसा होतो, तेव्हा मुलांना एक प्रश्न विचारावा. रंग गेल्यावर परीक्षानळीतले अमायलेज कुठे गेले? ते कुठेच गेलेले नाही. नळीत आणखी स्टार्च घातले तर तेही ते कापेल. मुलांनी हे स्वतः करून पाहावे. ज्याने ते पाहिले आहे, त्याला साप चावल्यावर 'थोडेसेच चावलाय, सकाळपर्यंत वाट पाहू' हे वाक्य का चुकीचे आहे, ते वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.